तळटीप : दिल्लीतील एप्रिल २०२१ची लाट

या लाटेमागे मुख्यतः करोनाचा ‘डेल्टा’ हा प्रकार होता. विषाणूने ‘रणनीती बदलली’ असे लेखक म्हणतात, ते शब्दशः घेऊ नये. विषाणू काही ठरवत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिच्याच रायबोसोमकडून प्रथिने करून घेतो आणि सुमारे ३०,००० अक्षरांच्या आपल्या आरएनएच्या नकला काढतो. नकलांत चुका राहतात. करोना कुळाकडे त्या दुरुस्त करणारे विकर असते, म्हणून इन्फ्लुएन्झाच्या मानाने कमी; पण राहतातच. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात, एखादी पथ्यावर पडते. डेल्टाच्या काटेरी प्रथिनात ६८१व्या जागी प्रोलीनऐवजी आर्जिनिन आले. नेमक्या त्याच भागात आपल्या पेशीतले फ्युरिन हे विकर ते प्रथिन चिरते. चिरणे सोपे झाले, तसे पुढच्या पेशीत शिरणेही. ४५२व्या जागेवरील बदलाने काही प्रतिपिंडांची पकड सैल झाली. वर्षारंभीच्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक दिल्लीकरांत प्रतिपिंडे आढळूनही लाट आली, त्याचे एक कारण हे.

डेल्टा दिल्लीत ‘उपजला’ हे मूळ मजकुरातील विधान मात्र टिकत नाही. त्याच्या कुळातले विषाणू त्याआधीच महाराष्ट्रातील नमुन्यांत वाढताना दिसत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी तसे जाहीरही केले होते. ‘डेल्टा’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी दिले. एप्रिलमधील वृत्तांत ते शोधू नये. — संपा.