धूळ येते कुठून?

मंडळी, छपराच्या फटीतून येणारा कवडसा तुम्ही पाहिला असेलच. त्यात तरंगणाऱ्या कणाला आपल्या जुन्या ग्रंथांत ‘त्रसरेणू’ म्हटले आहे. धूळ घरभर असतेच, कवडसा ती फक्त दाखवून देतो. गंमत म्हणजे आजच्या लेसर प्रयोगशाळांतही धूळ शोधायला अंधार करून आरशांवर तिरपा प्रखर झोत टाकतात. म्हणजे कवडसाच की!

एवढ्याशा कणाचे एवढे काय, असे वाटेल. पण आरशावर बसलेला कण लेसरचा प्रकाश शोषून तापतो आणि आरशाच्या नाजूक लेपाला कायमचा डाग पडू शकतो. म्हणून तिथले लोक खोलीत स्वच्छ काचा मांडून ठेवतात आणि त्यांवर काय पडले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. धागा दिसला तर कपड्याचा, पापुद्रा दिसला तर कातडीचा, धातूचा कीस दिसला तर एखाद्या स्क्रूचा. अगदी पोलिसी तपासच!

या तपासाच्या इतिहासातला मला आवडलेला माणूस म्हणजे विलिस व्हिटफिल्ड. ओक्लाहोमातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा अमेरिकेत अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ होता. तिथे अण्वस्त्रांचे बारीक सुटे भाग बनत आणि धूळ त्यांत अडके. काम अण्वस्त्रांचे, हे मनाला टोचते खरे. असो.

त्या काळीही ‘स्वच्छ खोल्या’ होत्या. दारे-खिडक्या बंद, भिंती गुळगुळीत, कामगारांना पांढरे झगे, सतत साफसफाई. तरी धूळ हटेना. कारण बाहेरची वाट बंद केली तरी धूळ आतच तयार होत होती. माणूस नुसता हलला तरी त्याच्या अंगावरून कण झडतात. आणि खोलीतली हवा भोवऱ्यासारखी फिरत असल्याने तेच कण पुन्हा पुन्हा कामावर येऊन बसत.

व्हिटफिल्डने दोन साधे प्रश्न विचारले: धूळ निघते कुठे आणि जाते कुठे? माणूस आत आहे तोवर ती निघणारच. मग तिला रेंगाळूच द्यायचे नाही! १९६० साली त्याने आराखडा काढला. योगायोग असा की, पहिला लेसरही त्याच वर्षी प्रकाशला. छतातल्या बारीक गाळण्यांतून आलेली हवा संथपणे सरळ खाली येते आणि जमिनीच्या जाळीतून धूळ घेऊन निघून जाते. कण मोजायचे यंत्र इतके कमी आकडे दाखवू लागले की ते बिघडले असेच आधी वाटले! १९६२ मध्ये हा शोध जाहीर झाला. पुढे तो शस्त्रक्रियागृहांत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत पोचला.

जन्मभर खडूच्या धुळीत उभी राहिलेली मी. मला यात मोठे शहाणपण दिसते. झगे, टोप्या, हातमोजे आजही लागतातच. पण व्हिटफिल्डने माणसाला दोष देत बसण्याऐवजी व्यवस्था बदलली.

आता हे आपल्या दारात येते आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर धावणार, तोही मराठवाड्याच्या मातीत! उन्हाळ्यातली तिथली वावटळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाची अवघडता सांगायला नको. आपल्या भागातली मुले उद्या तिथे कवडसा धरून धूळ शोधत असावीत, एवढीच इच्छा.