गळपट्ट्याची कुळी

2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत एक बिबट्या पडला. वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय यांच्या बिबट्यांच्या अभ्यासात त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा आला, माळशेज घाटात त्याला सोडलं आणि हा ‘आजोबा’ चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. माझा जीव मात्र त्याच अभ्यासातल्या एका मादीत अडकला आहे.

त्या पट्ट्याची कुळी सांगणारे पक्षिचित्रकार ऑड्यूबनपासून सुरुवात करतात. त्याने म्हणे 1804 मध्ये पाखरांच्या पिल्लांच्या पायांना चांदीचा दोरा बांधला आणि पुढच्या वसंतात तीच पाखरं परतलेली पाहिली. त्या वसंतात स्वारी फ्रान्समध्ये होती, हे 2018 मध्ये संशोधक मॅथ्यू हॅली यांनी दाखवून दिलं! तेव्हा मूळपुरुषाचा मान डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन मास्तरांना द्यावा. 1899 मध्ये त्यांनी पाखरांच्या पायांत आकडे कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. 1970 मध्ये अमेरिकेत मोनिक नावाच्या एल्क हरणीच्या गळ्यात दहा-अकरा किलोंचं यंत्र अडकवून उपग्रहाने तिचा माग काढला.

जाणकार म्हणतील, आपला पट्टा नेपाळमधल्या चितवनच्या वाघांकडून आला. यंत्रापुरतं कबूल. पण आपल्या मादीने उभा केलेला प्रश्न, मादी खरंच नरापेक्षा कमी भटकते का, हा मला समुद्रात सापडला. तसा आपल्या बिबट्यांचा अकोले-संगमनेरचा ऊसही समुद्रच, दहा हातांवरचं जनावर दिसत नाही.

मोठ्या पांढऱ्या शार्कच्या जनुकांवरून समज असा होता की नर भटके आणि माद्या घरकोंबड्या. नोव्हेंबर 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ‘निकोल’ या मादीला टॅग लावला. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून टॅग उजेड, खोली आणि तापमान टिपत राहिला. 99 दिवसांत तिने 11,000 किलोमीटरवरचं ऑस्ट्रेलिया गाठलं. ऑगस्ट 2004 मध्ये ती पुन्हा आफ्रिकेत दिसली. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून ओळख पटली.

आता आपली मादी. तिला आणि आजोबाला पकडल्या जागेपासून 52 किलोमीटर दूर सोडलं होतं. आजोबाने 37 दिवसांत सरळ रेषेत 89 किलोमीटर तोडले, मादीने पाच महिन्यांत 45. पण बस्तान बसल्यावर त्याचा मुलूख 42 चौरस किलोमीटरचा आणि तिचा 65! पकडलं तिथेच जवळपास सोडलेल्या दोन माद्यांना 11 आणि 15 पुरले.

निकोल आपखुशीने गेली, हिला पिंजऱ्यातून नेलं, असा आक्षेप येईल. रास्त आहे, शिवाय मादी एकच. तरी माझा अंदाज असा की परक्या मुलखात पिल्लांसाठी आडोसा आणि भक्ष्य जोखायला मादीला नरापेक्षा जास्त रान पालथं घालावं लागतं. तो खरा-खोटा ठरवायला दूर सोडलेल्या आणखी दहा-वीस माद्यांच्या गळ्यात पट्टे पडावे लागतील, आणि कोणत्याही मादीला उगाच दूर नेऊन सोडावं असं मी तरी म्हणणार नाही.