रस्त्यावरचे सक्तमजूर : आंरी पेलिसिए आणि एका रूपकाचे चरित्र

फ्रेंच भाषेत 'फोर्सा' म्हणजे सक्तमजुरीची शिक्षा झालेला कैदी. काळ्या पाण्याच्या आठवणी बाळगणाऱ्या मराठी वाचकाला या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागू नये. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात हा शब्द सायकलस्वारांना चिकटला, आणि 'रस्त्यावरचे सक्तमजूर' हा फ्रेंच वृत्तपत्रसृष्टीतला बहुधा सर्वांत टिकाऊ शब्दप्रयोग ठरला. एखादे रूपक माणसाला किती उजेडात आणते आणि त्याच्याविषयीचे काय अंधारात ठेवते, हे तपासायचे असेल तर आंरी पेलिसिएच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पेलिसिएचा जन्म 1889 साली पॅरिसमध्ये झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्याने लोम्बार्दीची शर्यत दोनदा आणि मिलान–सान रेमो एकदा जिंकली होती. 1914च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये तो फिलिप थीसच्या मागे, दोन मिनिटांहूनही कमी अंतराने, दुसरा आला. युद्धानंतर पॅरिस–रुबे त्याने 1919 आणि 1921 अशी दोनदा जिंकली. मात्र 'तूर'शी त्याचे काही जमेना. 1919 साली त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली. 1920 साली टायर फेकून दिल्याबद्दल दोन मिनिटांचा दंड झाला, तेव्हा पुन्हा सोडली.

टायर फेकल्याबद्दल दंड! हे आज विनोदी वाटते. पण त्यामागे एक तत्त्वज्ञान होते. 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचा संपादक आणि 1903 साली सुरू झालेल्या या शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याच्या मते शर्यत ही एकाकी माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा होती. स्वाराने स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त करावी, निघताना जे सोबत असेल ते मुक्कामी पोहोचताना सोबत असावे, असा त्याचा दंडक. 1913 साली युजेन क्रिस्तोफने पिरेनीजमधल्या एका लोहारशाळेत तुटलेला फोर्क स्वतःच्या हातांनी जोडला. भाता एका पोराने फुंकला म्हणून त्यालाही दंड झाला. पेलिसिएला सोसायला येत नाही, असे देग्रांजचे मत होते. 1923 साली पेलिसिएने तीच शर्यत अर्ध्या तासाहून अधिक अंतराने जिंकून त्याला उत्तर दिले. दुसरा आलेला ओत्ताव्हिओ बोत्तेक्किया त्याचाच संघसहकारी होता.

पुढच्याच वर्षी, 26 जून 1924 रोजी, शेरबूर ते ब्रेस्त हा 405 किलोमीटरांचा टप्पा होता. असे टप्पे मध्यरात्रीनंतरच्या काळोखात सुरू होत. पहाटेच्या गारठ्यासाठी दोन जर्सी चढवायच्या आणि ऊन वाढले की एक फेकायची, ही स्वारांची सोय. नियम मात्र फेकू देत नव्हता. पेलिसिएने किती जर्सी घातल्या आहेत हे एका अधिकाऱ्याने त्याच्या अंगाला हात लावून तपासले. त्या अपमानाने चिडून गतविजेत्या पेलिसिएने धाकटा भाऊ फ्रांसिस आणि सहकारी मोरिस व्हिल यांच्यासह कुतांस गावी शर्यत सोडली. तिथल्या स्टेशनजवळच्या कॅफेत गरम चॉकलेट पीत बसलेले हे तिघे अल्बेर लोंद्र या वार्ताहराला भेटले.

लोंद्र क्रीडा-वार्ताहर नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. आदल्याच वर्षी 'ल पती पारिझियँ' या दैनिकासाठी तो फ्रेंच गियानातल्या कैद्यांच्या वसाहतीत जाऊन आला होता आणि त्याच्या वार्तापत्रांनी फ्रान्स हादरले होते. तीच नजर घेऊन तो कॅफेत शिरला. पेलिसिएने पिशवी उघडून डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि गोळ्यांच्या डब्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी हे सारे छापून आले. कैद्यांचे रूपक लोंद्रच्या नावावर रूढ झाले खरे. पण त्या दिवशीचा मथळा शर्यत सोडल्याची साधी बातमी देणारा होता.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या डब्या लोंद्रने फसवणुकीचा पुरावा म्हणून मांडलेल्या नाहीत. त्या यातनांचा पुरावा आहेत. उत्तेजकांविरुद्ध फ्रान्समध्ये कायदा झाला तो 1965 साली. वस्तू त्याच, पण 1924चा वाचक त्यांत बळी पाहतो आणि आजचा वाचक गुन्हेगार. फ्रांसिसने तर पुढे सांगितले की लोंद्रला सायकलिंग कळत नव्हते आणि आपण त्याची थोडी गंमत केली. म्हणून वार्तापत्र खोटे ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. गोळ्यांचे प्रदर्शन रंगवलेले असेल, पण जर्सीचा नियम खरा होता आणि 405 किलोमीटरही खरे होते. त्या वर्षी निघालेल्या 157 स्वारांपैकी 60 जणच पॅरिसला पोहोचले. आंरीने 'ल्युमानिते' या कम्युनिस्ट दैनिकालाही पत्र लिहिले. कष्ट आम्हांला मान्य आहेत, मानहानी नाही, असा त्याचा आशय होता. शर्यतीच्या नियमांचा वाद असा श्रम आणि प्रतिष्ठेच्या वादात रूपांतरित झाला, हे त्या रूपकाचे खरे कर्तृत्व.

परंतु याच ठिकाणी थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कैद्याच्या रूपकात दोनच पात्रांना जागा असते, कैदी आणि तुरुंगाधिकारी. पेलिसिएच्या घरातली माणसे त्यात कोठेच बसत नाहीत. 1933 साली त्याच्या पत्नीने, लेओनीने, पिस्तुलाने आत्महत्या केली. 1 मे 1935 रोजी भांडणात पेलिसिएने सुरी उगारून आपल्या नव्या सहचरीला जखमी केले, तेव्हा तिने तेच पिस्तूल उचलून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. न्यायालयाने तिला एक वर्षाची शिक्षा दिली, पण ती स्थगित ठेवली.

देग्रांजच्या जाचापुढे न वाकलेला माणूस घरात स्वतः जाच करणारा असू शकतो, हे आपल्याला अनोळखी नाही. कुतांसचा पेलिसिए खरा आणि 1935चाही खरा. एकाने दुसरा पुसला जात नाही. लोंद्र 1932 सालीच एका जहाजाच्या आगीत मरण पावला होता. हा शेवट त्याने लिहिला असता का, हा प्रश्न व्यर्थ आहे. मात्र आपण जेव्हा त्याचे वार्तापत्र वर्गात वाचतो किंवा शिकवतो, तेव्हा लेओनीचे नावही उच्चारले जावे. मजकुराने ज्यांना आवाज दिला त्यांच्याइतकेच, ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही तेही वाचनाचा विषय असतात.