वाट थामक्राबोक : थायलंडमधील विहाराची व्यसनमुक्ती आणि आपल्यासाठी धडा

व्यसनमुक्तीच्या उपचारांचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात व्यसनाच्या पदार्थाऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ दिले जाते. दुसऱ्यात असा पर्यायी पदार्थ दिला जात नाही. संपूर्ण वर्ज्यता, समूहाचा आधार, काम आणि मनाचे शिक्षण यांवर भर असतो. या दुसऱ्या मार्गाचे बौद्ध जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे थायलंडमधील वाट थामक्राबोक. 'वाट' म्हणजे विहार आणि 'थाम' म्हणजे गुहा.

सुरुवात कशी झाली?

बँकॉकच्या उत्तरेला साराबुरी प्रांतात डोंगराच्या पायथ्याशी हा विहार आहे. १९५७ मध्ये तो सुरू झाला. त्याची संस्थापक एक स्त्री होती, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. ती पांढरी वस्त्रे धारण करणारी साधिका, म्हणजे थाई भाषेत 'मे ची' होती. ज्येष्ठ भिक्खूला द्यावा तसा 'लुआंग फो याय' हा आदराचा किताब लोकांनी तिला दिला.

१९५९ मध्ये थायलंड सरकारने अफूवर बंदी घातली आणि अफूचे अड्डे बंद केले. परवान्याने मिळणारी अफू एकाएकी बंद झाल्यावर हजारो व्यसनी माणसे जायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी या विहाराने व्यसनींसाठी दार उघडले. संस्थापिकेच्या नात्यातले आणि पूर्वी पोलीस खात्यात असलेले भिक्खू चामरून पार्नचंद यांनी हे काम पुढे अनेक वर्षे चालवले. १९७५ मध्ये त्यांना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजवर लाखाहून अधिक लोकांनी येथे उपचार घेतल्याचे सांगितले जाते.

उपचाराचे तीन भाग

पहिला भाग 'सज्जा'. पालीतील 'सच्च', म्हणजे सत्य, हाच तो शब्द. भिक्खूसमोर बसून व्यसनी माणूस तो पदार्थ पुन्हा न घेण्याची सत्यप्रतिज्ञा करतो. उपचार त्यानंतरच सुरू होतो. नातेवाइकांनी ओढत आणलेल्या माणसालाही प्रतिज्ञा स्वतःच्याच तोंडाने घ्यावी लागते.

दुसरा भाग शरीराचा. पहिले पाच दिवस रोज वनस्पतींपासून केलेला काढा आणि त्यावर भरपूर पाणी पिऊन उलटी केली जाते. रुग्ण एका ओळीत बसतात आणि बाकीचे जुने-नवे सोबती गाणी म्हणत, ढोल वाजवत त्यांना धीर देतात. सोबत वनौषधींच्या वाफेचे स्नान असते.

तिसरा भाग दिनचर्येचा. झाडलोट, श्रम, ध्यान, भिक्खूंशी बोलणे, इतर व्यसनींबरोबर राहणे. तेथे पर्यायी अमली औषध दिले जात नाही.

यातले नेमके काय उपयोगी पडते?

उलटीने शरीरातील 'विष' निघून जाते, ही लोकांची समजूत आहे. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. रक्तात मिसळलेला अमली पदार्थ यकृत आणि मूत्रपिंडे बाहेर टाकतात. हेरॉइन बंद केल्यावर शरीराचा सर्वांत मोठा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो आणि आठवडाभरात बराच उतरतो. काढा असो वा नसो, हा काळ असाच जातो.

म्हणून थामक्राबोकचे बळ काढ्यापेक्षा इतर गोष्टींत शोधावे लागते. तिथे माणसाला गुन्हेगार किंवा वाया गेलेला समजत नाहीत, त्याच्या शब्दाला किंमत देतात. यातना सोसताना तो एकटा नसतो. आणि जुने मित्र, जुना अड्डा, जुनी वेळ यांपासून तो काही दिवस दूर असतो. या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. माणसे लागतात.

मर्यादा आणि धोके

येथे आपल्या कार्यकर्त्यांनी अतिशय सावध राहिले पाहिजे. औषधाविना व्यसनमुक्ती याचा अर्थ डॉक्टरांविना व्यसनमुक्ती असा होत नाही.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर ६ ते ४८ तासांत फिट्स येऊ शकतात. दोन-चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था येऊन मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला शिबिरात नेऊन 'आजपासून बंद' म्हणणे जिवाशी खेळ आहे. आधी रुग्णालय, मग विहार.

अफू-हेरॉइनच्या बाबतीत धोका वेगळा आहे. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती कमी होते. त्यानंतर घसरण होऊन जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनी असे मृत्यू कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घेणाऱ्याला 'तू अजून व्यसनीच आहेस' असे हिणवू नये.

उलटीच्या काढ्याची नक्कल गावात कोणी करू नये. आणि जेवणात गुपचूप घालायची 'दारू सोडवणारी पावडर' तर मुळीच वापरू नये. तिच्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि त्यावर माणूस दारू प्यायला, तर जिवावर बेतू शकते.

एकदाच की पुन्हा पुन्हा?

थामक्राबोकची परंपरा उपचार आयुष्यात एकदाच देण्याची आहे. त्यामुळे प्रतिज्ञेला वजन येते, हे खरे. पण घसरलेल्या माणसासाठी दार बंद होते. व्यसन हा वारंवार उलटणारा आजार आहे, हे आज सर्वमान्य आहे.

आपल्या विहारातील रीत या बाबतीत अधिक शहाणपणाची आहे. पंचशील आपण एकदाच घेत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतो. पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे आहे. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी नशेचे सहा तोटे एका गृहस्थ तरुणाला सांगितले : धनाचा नाश, भांडणे, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काल घसरलेला माणूस आज वंदनेला आला, तर त्याला पुन्हा शील घेता येते. हा दरवाजा आपण टोमणे मारून बंद करू नये.

विहार आणि युवक मंडळे काय करू शकतात?

- सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा.
- जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी ओळख ठेवावी. उपचार सुरू करणाऱ्यासोबत पहिल्या दिवशी एकाने जावे.
- खासगी केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारहाण करणारे, कोंडून ठेवणारे केंद्र उपचार करत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या रुग्णालाही क्रूर वागणुकीपासून संरक्षण दिले आहे.
- उपचारानंतर खरी परीक्षा संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत असते. त्या वेळी विहार उघडा ठेवावा. वंदना, आनापान, वाचनालय, कॅरम काहीही चालेल, पण माणसांची सोबत हवी.
- पत्नी आणि आईसाठी वेगळी बैठक घ्यावी. वर्षानुवर्षे सोसलेले बोलायला त्यांना जागा मिळत नाही.
- जयंतीच्या मिरवणुकीत नशा करून कोणी येणार नाही, हा नियम मंडळाने आधी स्वतःच्या पदाधिकाऱ्यांना लावावा.

डोंगराखालच्या त्या विहाराकडून काढ्याची कृती घेण्याचे कारण नाही. व्यसनी माणसाचा शब्द खरा मानणे आणि तो पाळण्यासाठी रोज त्याच्या शेजारी बसणे, एवढे घेतले तरी गावोगावचे विहार पुष्कळ घरे वाचवू शकतील.