स्लीप ॲप्निया, सीपॅप उपचार आणि रात्रीच्या नोंदी : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वसई पूर्वेकडील वालीव हा मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा, लहान-मोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांनी व्यापलेला भाग होय. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या भागाची औद्योगिक ओळख मात्र त्याआधीची आहे. पाळ्यांमधील काम, महामार्गावरील मालवाहतूक आणि लोकलचा दीर्घ प्रवास अशा जीवनक्रमात दिवसा येणारी झोप 'थकवा' या एका शब्दात गुंडाळली जाते. रात्रीचे घोरणे तर गाढ झोपेचेच लक्षण समजले जाते. या दोन समजुतींच्या आड स्लीप ॲप्निया, म्हणजेच निद्राश्वासरोध, ही व्याधी वर्षानुवर्षे लपून राहते.

या व्याधीचे वैशिष्ट्य असे की, रुग्ण स्वतः तिचा साक्षीदार नसतो. श्वास थांबतो तेव्हा तो झोपलेला असतो. त्यामुळे या व्याधीचा आणि तिच्यावरील उपचाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी नोंदींचा इतिहास आहे. त्या नोंदी कोणी घेतल्या, कोणाच्या घेतल्या आणि त्यांचा उपयोग कोणासाठी झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधीची ओळख

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात. काही व्यक्तींमध्ये त्यामुळे श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्ण मिटतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच चक्र चालू राहते. सकाळी यातील काहीही आठवत नाही. उरते ती जडावलेली डोकेदुखी आणि दिवसभराची पेंग.

कुंभकर्णाच्या झोपेची थट्टा आपल्याकडे परंपरेने चालत आली, तर इंग्रजी साहित्यात डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) मधील सदैव पेंगणाऱ्या लठ्ठ मुलाची थट्टा झाली. १९५६ मध्ये बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा, अतिनिद्रा आणि अपुरे श्वसन यांच्या एकत्रित विकाराला याच कादंबरीवरून नाव दिले. झोपेत श्वास प्रत्यक्ष थांबतो, हे मात्र १९६५ मध्ये फ्रान्समधील गास्तो आणि जर्मनीतील युंग व कुलो यांनी स्वतंत्रपणे केलेल्या रात्रभराच्या नोंदींतूनच निश्चित झाले. पुढे गिलेमिनो आणि डिमेंट यांच्या स्टॅनफर्ड येथील कार्यामुळे १९७० च्या दशकात स्लीप ॲप्नियाला स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळाले. तासाला किती वेळा श्वास थांबतो अथवा मंदावतो, यावरून तीव्रता ठरविण्याची पद्धत रूढ झाली. पाचपेक्षा कमी घटना सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी ती वर्गवारी होय.

सीपॅपचा उदय

तोपर्यंत तीव्र व्याधीवर गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसविणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा दिली असता घसा मिटत नाही, एवढीच त्यामागील कल्पना होती. ही हवा औषध नसून जणू श्वासमार्गाला आतून दिलेला टेकू होता. आरंभीची यंत्रे ओबडधोबड होती. मास्क रुग्णाच्या नाकाच्या मापाने घडवून चिकटवावा लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तयार यंत्रे बाजारात आली आणि हा उपचार प्रयोगशाळेतून शयनगृहात पोहोचला.

परंतु टेकू काढला की छत खाली येते. सीपॅप व्याधी बरी करत नाही; मास्क लावलेला असेपर्यंत ती आवरून धरते. त्यामुळे 'यंत्र किती प्रभावी?' या प्रश्नाच्या जोडीला 'यंत्र किती तास वापरले?' हा प्रश्न उभा राहिला.

तासांची नोंद : एक कलाटणी

या प्रश्नाचे उत्तर आरंभी रुग्णालाच विचारले जाई. १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्ज व सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत मास्कमधील दाब दर मिनिटाला टिपणारी योजना बसविली. सुमारे ६० टक्के रुग्णांनी यंत्र रोज वापरत असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात किमान चार तास आणि किमान ७० टक्के दिवस, हा निकष केवळ ४६ टक्क्यांनी पूर्ण केला. याचा अर्थ रुग्ण खोटे बोलत होते, असा काढणे अन्यायाचे ठरेल. झोपेत मास्क निघाला तर तो केव्हा निघाला, हे झोपलेल्याला कसे कळावे?

संशोधनाच्या सोयीसाठी घेतलेला हा निकष पुढे प्रशासनाने स्वीकारला. २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत पहिल्या तीन महिन्यांतील सलग तीस दिवसांत ७० टक्के रात्री किमान चार तास वापर, ही यंत्राचा खर्च पुढे मिळण्यासाठीची अट झाली. रुग्णाच्या हितासाठी सुरू झालेली नोंद अशा रीतीने हिशेबाचे साधन बनली. वास्तविक चार तासांना निसर्गाचा आधार नाही. वीव्हर व सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात रुग्णाला स्वतःला जाणवणारी पेंग कमी होण्यास सुमारे चार तास, चाचणीत मोजलेली पेंग कमी होण्यास सहा तास, तर दैनंदिन व्यवहार सुरळीत होण्यास साडेसात तासांपर्यंत वापर लागतो, असे दिसले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय केंद्रांचाही सहभाग असलेल्या मोठ्या अभ्यासात हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांचा समावेश होता. त्यात हृदयविकार व पक्षाघात टाळण्यात सीपॅपचा लाभ सिद्ध झाला नाही. मात्र वापराची सरासरीच रात्री ३.३ तास होती.

मुंबईचा अभ्यास आणि त्याबाहेरचे वालीव

महाराष्ट्रात या व्याधीच्या व्याप्तीचा महत्त्वाचा आकडा मुंबईतून आला. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ पुरुषांना प्रश्नावली दिली आणि त्यांपैकी २५० जणांची झोपेतील तपासणी घरी केली. झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासह दिवसा अतिनिद्रा असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. दिल्लीच्या निमशहरी वस्तीतील २००६ च्या अभ्यासात हे आकडे अनुक्रमे १३.७ व ३.६ टक्के होते.

मुंबईच्या अभ्यासाने ही केवळ पाश्चात्त्यांची व्याधी आहे, हा समज खोडून काढला. तरीही नोंदीत कोण आले, हे पाहणे आवश्यक आहे. ते सर्व पुरुष होते आणि नियमित तपासणीसाठी रुग्णालयात येण्याइतकी सवड व ऐपत असलेले होते. वालीवच्या गाळ्यात रात्रपाळी करणारा कामगार, महामार्गावर टेम्पो हाकणारा चालक आणि घोरणे 'बाईला शोभत नाही' म्हणून लपविणारी स्त्री या नोंदीच्या बाहेरच राहतात. चालकाच्या बाबतीत ही उणीव केवळ त्याची राहत नाही, कारण उपचाराविना राहिलेल्या या व्याधीत अपघाताचा धोका वाढतो, हे सर्वमान्य आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून या व्याधीचे नाव सांगितले, तेव्हा ते सर्वसामान्य घरांत प्रथमच ठळकपणे पोहोचले.

जुळवून घेण्याची प्रक्रिया

सीपॅपशी जुळवून घेणे हा उपचारातील सर्वांत कठीण टप्पा होय. नाक कोरडे पडणे, मास्कच्या कडेने हवा निसटणे, चेहरा बांधल्याने जीव गुदमरणे या नेहमीच्या तक्रारी आहेत. रुग्ण यंत्र नियमित वापरणार की नाही, याचे वळण पहिल्या आठवड्यातच पडू लागते, असे वीव्हर यांच्या १९९७ च्या अभ्यासातून दिसले. म्हणूनच आरंभीचे दिवस मोलाचे असतात. दिवसा जागेपणी थोडा वेळ मास्क लावून बसणे, दाब हळूहळू वाढविण्याची यंत्रातील सोय वापरणे, मापाचा मास्क निवडणे, हे साधे उपाय तेव्हाच करावे लागतात.

स्थानिक परिस्थितीचाही येथे विचार हवा. किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, यंत्रातील आर्द्रता वाढविणारी सोय कमी ठेवली नाही तर नळीत पाणी साचू शकते. वीज गेली की यंत्र थांबते. मास्कमधील छिद्रे व झडपेमुळे श्वास घेता येत असला, तरी उपचार तेथेच खंडित होतो. महावितरणच्या क्षेत्रात भारनियमनाची वर्षे अनुभवलेल्या कुटुंबांना इन्व्हर्टर हा उपचाराचाच भाग का ठरतो, हे निराळे सांगावे लागत नाही. पाळी बदलणाऱ्या कामगाराची 'रात्र' तर दर आठवड्याला सरकते. यंत्राच्या दिनांकानुसार केलेली नोंद त्याच्या झोपेशी जुळेलच असे नाही.

आधुनिक यंत्र वापराचे तास, हवेची गळती, दिलेला दाब आणि उरलेल्या श्वासखंडांची संख्या स्मृतिपत्रिकेत साठविते. हे आकडे एकत्र वाचावे लागतात. श्वासखंड कमी पण तास दोनच असतील, तर समाधान मानण्यासारखे काही नाही. गळती जास्त असेल तर श्वासखंडांचा आकडाही विश्वासार्ह राहत नाही, कारण यंत्र तो केवळ हवेच्या प्रवाहावरून ताडते. मेंदूची जागृती त्याला दिसत नाही. शिवाय यंत्रही निर्दोष असतेच असे नाही. आतील फोम झिजून श्वासावाटे शरीरात जाण्याच्या शक्यतेमुळे जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीला जगभरातील लक्षावधी यंत्रे परत मागवावी लागली. हा दोष रोजच्या आकड्यांत उमटणारा नव्हता.

समारोप

भारतात बहुतांश रुग्ण हे यंत्र स्वखर्चाने घेतात. त्यामुळे मेडिकेअरसारखी सक्ती येथे नाही. परंतु त्याचमुळे नोंद वाचण्याची जबाबदारीही कोणावर निश्चित पडत नाही. स्मृतिपत्रिका यंत्रात तशीच राहते आणि यंत्र कपाटात जाते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी या व्याधीची पहिली नोंद घरातच झालेली असते. शेजारी झोपणारी व्यक्ती श्वास थांबल्याच्या धास्तीने उठून बसते, हलवून जागे करते. ती साक्ष डॉक्टरांपर्यंत पोहोचली तर तपासणी होते आणि यंत्रातील आकड्यांच्या शेजारी ठेवली गेली तर उपचार टिकतो. नोंद रुग्णावर पाळत ठेवण्यासाठी वापरली तर तो मास्क बाजूला ठेवतो. त्याच्याशी बोलण्यासाठी वापरली तर अडचण कळते. वालीवसारख्या श्रमिक परिसरात कामगारांच्या आणि चालकांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत 'घोरता का?' आणि 'झोपेत श्वास थांबल्याचे घरी कोणी सांगितले आहे का?' हे दोन प्रश्न समाविष्ट होणे, ही त्या दिशेने बिनखर्चाची सुरुवात ठरेल.