क्रूझवर चढताना जुलाबांबद्दल का विचारतात?



मागे एकदा दवाखान्यात एक जोडपं आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) काका नुकतेच निवृत्त झालेले. मुलीने दोघांना क्रूझचं तिकीट काढून दिलं होतं. शनिवारी दुपारी बोटीवर चढायचं आणि बुधवारी रात्री काकांना जुलाब सुरू झाले. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा पोट शांत झालं होतं, सकाळपासून त्रास नव्हता. तपासलं, जलसंजीवनी घ्यायला सांगितली. निघता निघता काकूंनी मोबाईल पुढे केला. त्यावर बोट कंपनीचा आरोग्याचा फॉर्म होता आणि त्यात प्रश्न होता, 'गेल्या तीन दिवसांत उलट्या किंवा जुलाब झाले आहेत का?'

"इथे 'नाही'च करते हं डॉक्टर. उगाच नाट नको."

तुमच्यापैकी अनेकांनी हेच केलं असतं, याची मला खात्री आहे. पण हा प्रश्न त्या फॉर्मवर कसा आला, हे कळलं तर कदाचित बोट जरा थबकेल. म्हणून आज थोडा इतिहास.

मजेसाठीची पहिली आधुनिक समुद्रसफर म्हणून बहुतेक जण जिचं नाव घेतात, ती निघाली २२ जानेवारी १८९१ रोजी, जर्मनीतल्या कुक्सहाफन बंदरातून. आगबोटीचं नाव 'ऑगस्टा व्हिक्टोरिया', कंपनी हॅम्बुर्गची 'हापाग'. कल्पना अल्बर्ट बालिन या कंपनीच्या अधिकाऱ्याची. एरवी ही बोट अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची ने-आण करी. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, त्यामुळे प्रवासी कमी. एवढी महागडी बोट धक्क्याला बांधून ठेवण्यापेक्षा श्रीमंतांना उन्हात फिरवून आणावं, असं बालिन यांना वाटलं. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण २४१ प्रवासी मिळाले. त्यांत स्वतः बालिन आणि त्यांची पत्नी मारियानेही होती. जिब्राल्टर, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स अशी जवळपास दोन महिन्यांची सफर करून बोट परतली.

याच कंपनीचा खरा धंदा मात्र वेगळा होता. रशिया आणि पूर्व युरोपातून गरिबी आणि छळ यांना कंटाळून अमेरिकेला निघालेल्या हजारो कुटुंबांना तळमजल्याच्या दाटीत कोंबून न्यूयॉर्कला पोहोचवायचं, हा तो धंदा. तिथेच पुढच्या वर्षी आक्रीत घडलं.

ऑगस्ट १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला. आपल्याकडे ज्याला जुनी माणसं पटकी म्हणत, तोच. शहराला पिण्याचं पाणी एल्ब नदीतून यायचं आणि ते न गाळता घरोघर जायचं. शेजारच्या आल्टोना गावाचं पाणीही त्याच नदीचं, पण ते वाळूच्या थरांतून गाळलेलं. दोन्ही गावांची घरं एकमेकांना खेटून होती, काही ठिकाणी तर मध्ये फक्त रस्ता. पण हॅम्बुर्गमध्ये साथीने सुमारे ८,६०० माणसं गेली आणि आल्टोना बऱ्यापैकी वाचलं. पाणी गाळण्याचा याहून ठळक पुरावा वैद्यकशास्त्राला क्वचितच मिळाला असेल. (म्युनिकच्या पेटेनकोफर या नावाजलेल्या प्राध्यापकांना मात्र तो पटला नाही. नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही, हे दाखवायला त्यांनी त्या जंतूंचं पाणी चक्क पिऊन दाखवलं. त्यांना थोड्या जुलाबांवर भागलं. नशीब बलवत्तर! तुम्ही असलं काही करू नका.)

पण आपला विषय पाणी नाही, कागद आहे. त्या काळी बंदर सोडणाऱ्या बोटीला आरोग्यपत्र लागायचं. 'या बंदरात साथ नाही' असं त्यावर लिहिलेलं असे. हॅम्बुर्गमध्ये पहिले रुग्ण दिसू लागले तरी शहराच्या कारभाऱ्यांनी साथ जाहीर करायला काही दिवस लावले. व्यापारी शहर ते. कॉलरा जाहीर केला की बंदर ठप्प, बोटी अडकणार, माल कुजणार. त्याच दिवसांत 'मोराव्हिया' नावाची हापागची बोट निर्वासितांना घेऊन निघाली, हातात स्वच्छ आरोग्यपत्र घेऊन. ऑगस्टच्या अखेरीस ती न्यूयॉर्कला पोहोचली तेव्हा वाटेतच २२ जण दगावले होते आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. पाठोपाठ त्याच कंपनीची 'नॉर्मानिया' आली, तिच्यावरही कॉलरा. तिच्यावर तर वरच्या वर्गाचे धनिक प्रवासीही होते. त्यांनाही दिवसेंदिवस उतरू दिलं नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी निर्वासित आणणाऱ्या प्रत्येक बोटीला २० दिवस अडकवून ठेवण्याचा हुकूम काढला. एवढे दिवस बोट नुसती उभी ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडणारं नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट सलते. कॉलरा त्या बोटीवर तसाही चढला असता का, हे सांगता येणार नाही. पण बंदरावरच्या कागदात खरं लिहिलं असतं तर निदान त्या मुलांच्या आईबापांना निघायचं की थांबायचं हे ठरवता आलं असतं.

'अडकवून ठेवणं' हा उपाय मात्र तेव्हाही नवा नव्हता. १३७७ मध्ये रागुसा म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक शहराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा कायदा केला. पुढे ते दिवस ४० झाले. इटालियन भाषेत चाळीस म्हणजे 'क्वारांता', त्यावरून 'क्वारंटाईन'. हा शब्द आपण २०२० मध्ये इतक्यांदा ऐकला की त्याचा मूळ अर्थ सांगायची सोय उरली नाही. पण लक्षात घ्या, ही सगळी व्यवस्था उतरणाऱ्या माणसाला अडवणारी होती. हॅम्बुर्गच्या साथीनंतर भर दुसरीकडे सरकला. आजारी माणसाला मुळात चढूच द्यायचं नाही.

बालिन यांनी हे पटकन ओळखलं. १९०१ मध्ये हापागने हॅम्बुर्गजवळ फेडेल बेटावर निर्वासितांसाठी आख्खी वसाहत उघडली. तिथे अंघोळ, कपड्यांचं आणि सामानाचं निर्जंतुकीकरण, डॉक्टरांची तपासणी आणि मगच बोट. यात भूतदया किती आणि हिशेब किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायचा खर्च कंपनीच्या डोक्यावर होता आणि १९०३ पासून रोगी प्रवासी आणल्याबद्दल माणशी १०० डॉलर दंडही होता. कारण काही असो, दाराशीच तपासायची पद्धत रुळली.

आणि इथे आपली मुंबई या गोष्टीत येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीला लागूनच. युरोपात घबराट पसरली, कारण मुंबईहून सुएझमार्गे बोटी सतत जात होत्या. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथल्या करारात साथीच्या बंदरातून निघणाऱ्या बोटींसाठी नियम घातला गेला : चढणाऱ्या प्रत्येक माणसाची सरकारी डॉक्टरने स्वतंत्र तपासणी करायची, ती किनाऱ्यावर आणि दिवसाउजेडी, अगदी चढण्याच्या वेळी. प्लेगची लक्षणं असलेल्याला चढू द्यायचं नाही. दिवसाउजेडीच का? कंदिलाच्या उजेडात चेहऱ्यावरचा ताप आणि काखेतली, जांघेतली गाठ नीट दिसत नाही म्हणून. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटीही थांबवल्या गेल्या. कल्पना करा, आयुष्यभर पै-पै साठवून गोदीपर्यंत आलेल्या माणसाला धक्क्यावरून परत पाठवल्यावर काय वाटलं असेल. रांगेत सगळ्यांदेखत अंगाला हात लावून होणारी तपासणीही लोकांना, विशेषतः बायकांना, किती अपमानास्पद वाटली, हे आपल्या प्लेगच्या इतिहासात पानोपानी आहे.

पुढे लसी आल्या, प्रतिजैविकं आली, प्लेग आणि कॉलरा मागे हटले. धक्क्यावरचा सरकारी डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी फॉर्म आला. हा बदल तसा माणुसकीचा. पूर्वी डॉक्टर तुमच्यावर विश्वास ठेवत नसे, गाठ चाचपून बघे. आता तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

मग जुलाबांचाच प्रश्न का? १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका प्राथमिक शाळेत दोन दिवसांत निम्मी शाळा उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. जंतू सापडेना. १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला. तोच आजचा नोरोव्हायरस. त्याच दशकात क्रूझ बोटींवर पोटाच्या साथी वारंवार होऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने बोटींच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. आजही तिचे अधिकारी न सांगता बोटीवर येतात, १०० पैकी गुण देतात आणि ८५ किंवा कमी मिळाले तर बोट नापास.

नोरोव्हायरसचं वैशिष्ट्य समजून घ्या. आजार पडायला शंभराच्या आतले विषाणूही पुरतात. शरीरात गेल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. म्हणजे शनिवारी दुपारी एकाने बुफेचा चमचा हातात घेतला, तर सोमवारी बोटीच्या डॉक्टरकडे रांग लागू शकते. आणि बरं वाटल्यावरही काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत, विषाणू शौचातून बाहेर पडत राहतो. बोटीवर तोंडाशी सॅनिटायझर ठेवलेला असतो, पण अल्कोहोलचा या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेही शौचानंतर आणि प्रत्येक जेवणाआधी. हे मी दहादा सांगेन.

खोकल्याचा प्रश्नही आता फॉर्मवर असतो. त्याचं कारण 'डायमंड प्रिन्सेस'. २० जानेवारी २०२० रोजी योकोहामाहून निघालेल्या या बोटीवर हाँगकाँगचा एक प्रवासी चढला. त्याला आदल्या दिवसापासून खोकला होता. पाच दिवसांनी तो उतरला आणि १ फेब्रुवारीला त्याला कोविड असल्याचं निष्पन्न झालं. बोटीवरच्या ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात साध्या खोकल्याबद्दल बोटीवर कोण कशाला विचारणार? त्याच बोटीवर १३२ भारतीय कर्मचारी होते. प्रवासी खोल्यांत बंद असताना जेवणाची ताटं दारोदार पोहोचवणारे कर्मचारीच होते, हे विसरू नका. गोव्यात आणि कोकणात अशा बोटींवर मुलगा असलेली घरं कमी नाहीत.

चढण्याच्या दिवशीची आणखी एक गोष्ट लोक टाळतात, ती म्हणजे संकटकाळी कुठे जमायचं याची कवायत. ती आजाराची नाही, पण सांगून टाकतो. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकाला धडकली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. त्यानंतर नियम बदलला : कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. तेव्हा सेल्फी नंतर काढा.

आता तुमच्या कामाचं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच हवी. बोट लागत असेल तर गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. दोघांपैकी एकाला पोटाचा त्रास झाला, तर दुसऱ्याने शक्य तर वेगळं स्वच्छतागृह वापरावं आणि दोघांनीही बोटीच्या डॉक्टरला लगेच कळवावं.

काकूंना मी यातलं बरंचसं सांगितलं, अर्थात थोडक्यात, कारण बाहेर चार पेशंट बसले होते. 'हो' लिहा म्हटलं, शेवटचा जुलाब गुरुवारी सकाळी झाला हेही लिहा. मी तशी चिठ्ठी देतो. त्रास थांबून ४८ तास उलटले असतील तर बहुधा चढू देतील, पण निर्णय त्यांचा. आणि चढू दिलं तरी काकांनी बुफेत स्वतः वाढून घ्यायचं नाही, ताट तुम्ही आणून द्यायचं.

"आणि परत पाठवलं तर?" काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"प्रवास विमा काढलाय ना? त्याचे कागद आजच वाचून ठेवा," मी म्हटलं.

काकूंनी मोबाईल परत हातात घेतला, चष्मा लावला आणि 'हो'च्या चौकोनावर बोट ठेवलं.