तापीकाठची गावठाणे आणि सातपुड्यातील पाडे

मंदिर गावठाणात उभे राहते. परंतु गावठाण कोठे असावे हे बहुधा नदीने व डोंगराने आधीच ठरवून ठेवलेले असते. नंदुरबार जिल्हा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे नर्मदामाई, मध्ये तापीचे काळ्या मातीचे खोरे, तर दक्षिणेस नवापूरकडे पुन्हा डोंगर आणि भातशेती आहे.

तापीचे पात्र खोल व काठ उंच मातीचा. पावसाने काठाला घळी पडतात. अशी जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिली जाते. शेतीस ती निरुपयोगी खरी, परंतु वस्तीला काठावरील उंचवटाच सोयीचा. प्रकाशा येथे तापी-गोमाई संगमाजवळील टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व खात्याने १९५४-५५ साली केले. तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीची रंगीत खापरे निघाली. ती वस्ती पुढे ओस पडली. परंतु लोखंड वापरणारे लोक आले ते पुन्हा त्याच जागी! केदारेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या किती भाविकांना हे ठाऊक असेल?

शहादा-तळोद्याच्या सपाटीवर घराला घर लागून असते व सभोवार कापूस, ऊस, केळी, पपईचे शिवार. अक्राणीच्या डोंगरात सलग सपाट जागाच नाही. म्हणून ज्याचे घर त्याच्या उताराच्या शेतात, आणि एका गावाचे अनेक पाडे दूरदूर विखुरलेले. तेथे ज्वारी, मका, मोर, भगर पिकते. अशा वस्तीस कोणी अव्यवस्थित म्हणू नये. डोंगरात तीच व्यवस्था होय.

सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरील वसाहतींत आली. पाड्यांवर विखुरलेली घरे ओळीने आखलेल्या प्लॉटांवर आली. जमीन मिळाली, परंतु जंगलातील सरपण, चारा, मोहाची फुले मागे राहिली. मणिबेलीजवळील शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिरही त्याच पाण्याखाली गेले. देवाची स्थापना नव्याने गुजरातेतील गोरा येथे, उंचावर करण्यात आली.